पट्टीचे खेळाडू आणि पाहुणे

ज्या क्योतो नगरांत १८८९ सालीं फुसाजिरो यामाऊची यांनीं ‘हानाफुदा’ नांवाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते करून विकण्यास आरंभ केला, त्याच नगरांत त्यांची निंटेंडो कंपनी आजहि आहे. पत्ते ही वस्तु मोठी समदर्शी. त्याच जोडानें घरांतली आजी नातवंडांशीं खेळते आणि पैजेचा पट्टीचा जुगारीहि खेळतो. पत्ते करणारास दोघांचा निराळा विचार करावा लागत नाहीं. पुढें १९८३ मध्यें या कंपनीनें दूरचित्रवाणीस जोडावयाचें ‘फॅमिकॉम’ हें खेळाचें यंत्र काढलें, आणि मग मात्र हा विचार तिच्या पाठीस लागला तो लागलाच.

कारण उघड आहे. वर्षानुवर्षें खेळून ज्याचा हात बसला त्याला प्रत्येक नवा खेळ मागच्याहून अवघड व देखणा हवा असतो. त्याची हौस पुरवतां पुरवतां कंट्रोलरवरील बटनें वाढत गेलीं, आणि घरांतील बाकीचीं माणसें तो हातांत घेण्यासहि कचरूं लागलीं. या शर्यतींत निंटेंडो मागें पडली. तिच्या २००१ च्या ‘गेमक्यूब’चा खप सुमारें दोन कोटी सतरा लाखांवर थांबला, सोनीच्या ‘प्लेस्टेशन २’चा अखेर पंधरा कोटींपलीकडे गेला.

२००२ मध्यें सातोरू इवाता अध्यक्ष झाले. यामाऊची घराण्याबाहेरचे ते पहिलेच. खेळांचे प्रोग्रॅम लिहिण्यांत त्यांची हयात गेलेली, परंतु त्यांची दृष्टि वळली ती न खेळणारांकडे. २००६ साली आलेल्या ‘वी’ या यंत्राचा रिमोट रॅकेटीसारखा हवेंत फिरवावयाचा. टेनिसचा फटका कसा मारावा हें कोणास शिकवावें लागलें नाहीं. अमेरिकेंतील वृद्धाश्रमांत त्यावर बोलिंगचे सामने रंगले. दहा कोटींहून अधिक यंत्रें खपलीं.

मुरलेले खेळाडू मात्र रुसले. आपल्याच घरीं आपण परके झालों, अशी त्यांची भावना. ‘झेल्डा’सारखे खेळ त्यांच्यासाठीं येत होते हें खरें, तरी ‘वी’चें चित्र प्रतिस्पर्धी यंत्रांइतकें रेखीव नसल्यामुळें इतर कंपन्यांचे कित्येक मोठे खेळ त्यावर जसेच्या तसे उतरूं शकत नव्हते. ही तक्रार हट्टी पोरांची म्हणून हंसण्यावारी नेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. पाहुणा तृप्त होऊन जातो, पण पुन्हा केव्हां येईल याचा भरंवसा नाहीं. नव्या खेळाची वर्षभर वाट पाहणारा तो घरचाच असतो. २००७ मध्यें आयफोन आला, पुढल्या वर्षीं त्यावर खेळांचें दुकान उघडलें, आणि पाहुण्याच्या खिशांतच फुकट किंवा अल्पमोली खेळ येऊन बसले. २०१२ चें ‘वी यू’ अनेकांस जुन्या यंत्राचें जोडसामान वाटलें. मुरलेल्यांचाहि विश्वास बसेना. खप सुमारें एक कोटी पस्तीस लाख! २०१४ च्या आरंभीं इवातांनीं स्वतःचें वेतन कांहीं महिने निम्म्यावर आणलें. २०१५ च्या जुलैंत ते वारले.

२०१७ चें ‘स्विच’ त्यांच्या हयातींतच आकारास येत होतें. त्याचे दोन्ही बाजूंचे लहान कंट्रोलर सुटे होतात. एक आपण ठेवावा, दुसरा शेजारच्याच्या हातीं द्यावा. पण आम्हांस अधिक बोलका पुरावा वाटतो तो ‘मारिओ कार्ट ८’ या मोटारशर्यतीच्या खेळाचा. २०१४ सालीं तो ‘वी यू’वर आला होता, थोड्या भरीनिशीं तोच ‘स्विच’वर आला आणि त्या यंत्रावर सर्वांत अधिक खपला. त्यांत मागें पडलेल्या गाडीस अधिक प्रभावी साधनें मिळतात, म्हणून नवखा अगदींच हिरमुसत नाहीं. गाडी रस्त्याबाहेर जाऊं न देणारी सोय लहानग्यांकरितां आहे. निष्णातांकरितां अतिवेगाचा वर्गहि आहे. दोघे एकाच शर्यतींत बसतात, आणि आजीला थोडी सवलत मिळाली म्हणून पट्टीच्या खेळाडूची ईर्षा कमी होत नाहीं. पत्त्यांच्या जोडांत जें आपोआप होतें, तें येथें हिशेबानें बसवावें लागलें. ‘स्विच’ पंधरा कोटींच्या वर खपलें.

५ जून २०२५ रोजीं ‘स्विच २’ निघालें, आणि त्याच्याबरोबर पुन्हा एक ‘मारिओ कार्ट’च. फरक किंमतींत आहे. अमेरिकेंत पहिलें ‘स्विच’ आलें तेव्हां तें सुमारें ३०० डॉलरांस होतें. हें सुमारें ४५० डॉलरांस आलें. मुरलेला खेळाडू कुरकुरत कां होईना, तेवढे मोजतो. पाहुणा दाराशीं घटकाभर थबकतो.