नो सिग्नल : काळ्या पडद्यामागचा इतिहास

नेहमीसारखं आजच्या भागाचं लेखी रूप खाली देतोय. बसमध्ये रेंज गेली तरी वाचता येईल. आणि विषयही तोच आहे, सिग्नल जाणं. पण मोबाईलचा नाही, घरातल्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा.

माझे बाबा कराडला घरीच डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दहाव्याची निवेदनं. गेल्या लग्नसराईत त्यांचा फोन आला. "अरे, स्क्रीन जातोय मधेच. काळा होतो, नो सिग्नल म्हणतो, परत येतो. आणि गिऱ्हाईक समोर बसलं की हमखास जातो!"

मी बीटेक, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. ऐटीत सांगून टाकलं, "ग्राफिक्स कार्ड गेलं असेल बाबा, नवीन टाकू." त्यावर ते हळूच म्हणाले, "नको खर्च. माझंच काहीतरी चुकत असेल. हा सीझन झाला की बंदच करतो."

हे ऐकल्यावर मात्र झोप लागेना. शनिवारी पहाटेची एसटी पकडली.

आता मी काय शोधलं ते सांगण्याआधी थोडं मागे जाऊ. कारण बाबांच्या टेबलावरचा बिघाड समजायला मला शेवटी इतिहासच लागला.

स्क्रीनला सिग्नल लागतो म्हणजे नेमकं काय? जुना डबा टीव्ही आठवा, किंवा आजीला विचारा. त्यात इलेक्ट्रॉनचा एक झोत डावीकडून उजवीकडे ओळ काढायचा, परत मागे यायचा, पुढची ओळ काढायचा. आपल्याकडच्या टीव्हीत एका चित्राला ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करा, सेकंदाला १५,६२५ ओळी. ओळ कधी संपली आणि पान कधी संपलं हे टीव्हीला कळावं म्हणून सिग्नलमध्येच खुणा पेरलेल्या असायच्या. त्यांना म्हणतात सिंक. ही खूण हुकली की चित्र वर-वर सरकत राहायचं. मग घरातलं कुणीतरी उठून व्हर्टिकल होल्डचं बटण फिरवायचं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्या जमान्यात सिग्नल एका झटक्यात गायब व्हायचा नाही. आधी चित्र फिकं, मग मुंग्या, मग नुसती खरखर. तरी मुंग्यांमधूनही बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा ओळखू यायचा. अ‍ॅनालॉगचा हा मोठा गुण. तो हळूहळू आजारी पडायचा आणि आपल्याला कळायचं की काहीतरी बिनसतंय.

कॉम्प्युटरचा स्क्रीन याच घराण्यातला. आयबीएमचा पहिला पीसी आला ऑगस्ट १९८१ मध्ये. त्याचे सुरुवातीचे मॉनिटर कॉम्प्युटरकडून डिजिटल सिग्नल घ्यायचे, पण रंग मोजके, फार तर १६. मग एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ मालिका आणली आणि तिच्यासोबत व्हीजीए. निळ्या प्लगची, १५ पिनांची, दोन स्क्रूंनी आवळायची ती केबल तुमच्या शाळेच्या लॅबमध्ये होतीच. लाल, हिरवा, निळा या तिघांना एकेक वायर. प्रत्येकीवर शून्य ते ०.७ व्होल्ट, जेवढा व्होल्ट जास्त तेवढा रंग उजळ. यामुळे २,६२,१४४ रंगांमधून २५६ रंग एकावेळी दाखवता आले. सिंकसाठी आणखी दोन वायरी. सेकंदाला साधारण ३१,४६९ ओळी, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या दुप्पट. टीव्हीचं रक्त कॉम्प्युटरमध्ये आलं ते असं.

पण एक अडचण होती. कॉम्प्युटरला समोर कुठला मॉनिटर आहे हे नीट कळायचं नाही. नव्वदच्या दशकात लिनक्स वापरणारे लोक मॉनिटरचे आकडे हाताने फाईलमध्ये लिहायचे, आणि चुकीचा आकडा मॉनिटरला इजा करू शकतो अशी ताकीद दिलेली असायची. १९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने डीडीसी नावाची पद्धत आणली. मॉनिटरमध्ये एक चिमुकली चिप, तिच्यात १२८ बाइटची ओळखपत्रिका, 'मी कोण, मला काय झेपतं'. मॉनिटर बंद असला तरी ती वाचता यावी म्हणून चिपला वीज द्यायची होती. व्हीजीएची नववी पिन मूळ रचनेत रिकामी होती. तिच्यावर ५ व्होल्ट आले. ही नववी पिन लक्षात ठेवा.

त्याच सुमारास 'नो सिग्नल'चाही जन्म झाला असं म्हणता येईल. वीज वाचवण्यासाठी १९९३ मध्ये व्हेसाने नियम केला, की कॉम्प्युटरने सिंक बंद केला तर मॉनिटरने झोपायचं. म्हणजे पडदा काळा झाला की कॉम्प्युटर मेला असं नाही. मॉनिटर इतकंच सांगतोय, 'मला खुणा ऐकू येत नाहीत.'

पुढे स्क्रीन सपाट झाले, आत सगळं डिजिटल झालं. १९९९ मध्ये डीव्हीआय, डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. सिग्नल थोडा बिघडला तर क्वचित ठिपके चमकतात, आणखी थोडा बिघडला की थेट अंधार. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग, एलजी यांनी मिळून जाहीर केलं, की २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप द्यायचा.

निरोप त्यांनी दिला, आपण नाही. बाबांच्या पीसीला अजून फक्त व्हीजीए आहे. जुना मॉनिटर दिवाळीत गेला, नवा आणला तर त्याला फक्त एचडीएमआय. दुकानदाराने मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लावून दिला. हे मला फोनवर कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तर शनिवारी दुपारी मी कामाला लागलो. स्क्रीन काळा झाला तर कॉम्प्युटर चालू आहे का हे आधी बघायचं, म्हणून गाणं लावून ठेवलं. कॅप्स लॉकचा दिवा लागतो का तेही बघणार होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. एचडीएमआय केबल बदलली. व्हीजीएचे स्क्रू आवळले. रिझोल्यूशन कमी केलं. आणि गंमत म्हणजे तीन तास स्क्रीन एकदाही गेला नाही! बाबा खजील. "बघ, तू आलास की नीट चालतं. माझाच हात वाईट."

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. "काका, पत्रिकेला फोटो टाकायचेत," म्हणत पेनड्राइव्ह पुढे केला. बाबांनी सीपीयूच्या पुढची एक बारीक वायर सवयीने काढली आणि त्या जागी पेनड्राइव्ह लावला. दोन मिनिटांत स्क्रीन काळा. गाणं मात्र चालूच.

"बाबा, ती वायर कसली?"

"काय माहीत, चार्जिंगची असेल. मागचे चारही पोर्ट भरलेत, पुढचा एक मेलाय. मग हीच काढतो."

ती वायर कन्व्हर्टरची होती. अ‍ॅनालॉग व्होल्टचे डिजिटल आकडे करायला कन्व्हर्टरला वीज लागते, ती या यूएसबी वायरीतून येत होती. वायर काढली की बिचारा व्हीजीएच्या नवव्या पिनवर जगायचा. १९९४ मध्ये एका चिमुकल्या चिपसाठी दिलेली वीज, आणि तिच्यावर २०२० च्या दशकातलं अख्खं यंत्र. थोडा वेळ तग धरायचा, मग मान टाकायचा. एचडीएमआय गप्प, मॉनिटर म्हणणार 'नो सिग्नल'. पेनड्राइव्ह गिऱ्हाईकच आणणार, म्हणून गिऱ्हाईकासमोरच!

उपाय? कपाटातला जुना मोबाईल चार्जर काढला. तोही ५ व्होल्टचाच. कन्व्हर्टरची वायर त्याला जोडली, पोर्ट पेनड्राइव्हसाठी मोकळा. खर्च शून्य रुपये. मी सुचवलेल्या ग्राफिक्स कार्डाने स्क्रीन जाणं थांबलं असतं कदाचित, पण का जात होता ते कुणालाच कळलं नसतं, आणि बाबांच्या डोक्यातून 'माझंच चुकतं' हे गेलं नसतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी काही चुकीचं दाबत नव्हतो?"

"नाही बाबा. एकही बटण नाही."

ते काही बोलले नाहीत. चार्जरच्या प्लगवर मात्र चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलं, 'स्क्रीनचा आहे, काढू नये.' मग परत कोरल उघडून वधूच्या मामांचं नाव टाइप करायला बसले. सीझन संपून महिने झाले, काम अजून चालू आहे.

तर मंडळी, घरून कुणी 'स्क्रीन जातोय' म्हणालं तर पार्टचं नाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा. आवाज चालू राहतो का? मध्ये कुठला कन्व्हर्टर आहे का? आणि स्क्रीन गेला त्याच्या आधी हाताने काय केलंत? तिसरा प्रश्न प्रेमाने विचारा. चूक शोधायची आहे, चुकणारा माणूस नाही.

तुमच्या घरी निळ्या प्लगची केबल अजून असेल तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!