एका पक्वान्नाचा इतिहास

राजे आणि रणे यांवरून इतिहास मोजण्याची आपणांस इतकी सवय जडली आहे की, एखादे गाव आपला इतिहास पक्वान्नावरून मोजीत असेल हे सहसा मनात येत नाही. इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यातले डेन्बी डेल हे खेडे तसे करते. त्याच्या उत्सवाचे नाव 'पाय'. मराठी वाचकाने या नावाने दचकू नये. पिठाच्या पारीत मांस व बटाटे घालून भट्टीत भाजलेला हा पदार्थ होय. मात्र येथे तो साऱ्या गावाला पुरेल एवढा असावा लागतो.

तिसरा जॉर्ज राजा वेडातून बरा झाला, त्या आनंदाप्रीत्यर्थ १७८८ साली पहिला पाय झाला, असे गाव सांगते. परंतु राजाचे दुखणे त्या वर्षाच्या अखेरीस बळावले, व तो बरा झाला १७८९ च्या आरंभी. अर्थात साल तरी चुकले असावे, किंवा निमित्त तरी मागाहून जोडले असावे.

१८१५ चा पाय वॉटर्लूच्या विजयाचा. येथवर आनंद राजाचा आणि जेवण गावाचे. परदेशी धान्यावर जकात बसवून गरिबाची भाकरी महाग करणारा कायदा १८४६ साली रद्द झाला, तेव्हाच्या पायात मात्र आनंदही गावाचाच होता. लोक इतके लोटले की व्यासपीठच कोसळले.

१८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाचा पाय कापताच दुर्गंधी सुटली. मांस नासले होते! तो रानात नेऊन कळीच्या चुन्यात पुरावा लागला. आठवड्याच्या आत गावातील स्त्रियांनी दुसरा भाजला. त्यास 'पुनरुत्थानाचा पाय' म्हणतात.

पुढे १९२८ च्या पायाचे उत्पन्न हडर्सफील्डच्या रुग्णालयास गेले, आणि १९६४ च्या उत्पन्नातून गावाचे सभागृह उभे राहिले. १९८८ साली, त्याच संशयित सालापासून मोजून, द्विशताब्दीचा पायही झाला.

आमचा संशय त्यामुळे फिटत नाही. तरीही या परंपरेस आम्ही खोटी म्हणणार नाही. पहिल्या सालाविषयी गावाची स्मृती चुकली असेल. पण पुरलेला पाय तिने लपविला नाही. आपल्या गावोगावच्या उत्सवांच्या बखरी लिहिताना अशा फजितीस आपण किती जागा देतो, हा प्रश्न आम्हांस त्यावरून सुचतो.