पुलावरचा रियाज

गाण्याबजावण्यात ‘उपज’ हा शब्द आपण नेहमी ऐकतो. पाठ केलेले जसेच्या तसे म्हणून दाखवणे निराळे आणि त्या घटकेला, ऐकणाऱ्यांसमोर, नवे सुचून ते सुरात उतरवणे निराळे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला हे फोड करून सांगायला नको. भजनाला बसलेले बुवा तोच अभंग काल म्हणतात, आजही म्हणतात; पण कोणत्या ओळीपाशी ते रेंगाळतील, हे पखवाजवाल्यालाही आधी ठाऊक नसते. शिमग्याच्या पालखीपुढे खालूबाजा चालतो, तेव्हा सनईवाला एकच चाल किती तऱ्हांनी फिरवतो, तेही आपण ऐकले आहे.

ही उपज केवळ आपल्याच मुलखात आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी जे जाझ संगीत घडवले, त्याचा प्राणही उपजच. त्या संगीतातला एक थोर वादक आपल्यापासून फार दूर नव्हे, मुंबईत पवईच्या एका आश्रमात येऊन राहिला होता. त्याचे नाव सनी रॉलिन्स. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

आधी त्यांच्या वाद्याविषयी दोन शब्द. अडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने ते बनवले आणि १८४६ साली त्याचे हक्क नोंदवले; म्हणून ते सॅक्सोफोन. दिसायला पितळेचे, वाकड्या सोंडेसारखे. लग्नाच्या बँडमध्ये कोणी पाहिलेही असेल. पण पितळेचे असले तरी सनईप्रमाणे त्याचाही आवाज तोंडाशी लावलेल्या पातळ पत्तीतूनच निघतो.

रॉलिन्स यांचा जन्म १९३० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत झाला. आईवडील वेस्ट इंडीजच्या बेटांवरून आलेले. पोर लहानपणीच वाद्याला लागले आणि विशीत पोचण्याआधी नामवंतांच्या पंगतीत बसले. पण त्या काळच्या कित्येक वादकांप्रमाणे तेही अफूपासून होणाऱ्या हेरॉईनच्या आहारी गेले. त्यापायी गुन्हा घडला, तुरुंगवासही झाला. १९५५ साली ते आपण होऊन लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात दाखल झाले आणि व्यसनातून सुटून बाहेर पडले.

पुढच्याच वर्षी, १९५६ साली, ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही त्यांची गाजलेली तबकडी ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातली एक चाल आईच्या तोंडून ऐकलेल्या बेटावरच्या गाण्याची आहे. दुसऱ्या एका रचनेवर गुंथर शुलर या संगीतज्ञाने १९५८ साली लेख लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, हा वादक सुचेल ते सूर एकापुढे एक मांडीत नाही. सुरुवातीचा लहानसा स्वरसमूह तो बीजासारखा धरतो आणि सारा विस्तार त्याच्यातून काढतो. आपल्याकडचा जाणता गवई बंदिशीचा मुखडा धरून हेच करतो, नाही का?

१९५८ सालीच त्यांनी ‘फ्रीडम सूट’, म्हणजे स्वातंत्र्याची रचना, वाजवली. ती जवळजवळ वीस मिनिटांची आहे. कलावंत म्हणून कीर्ती मिळाली, हाती पैसा आला, तरी कातडीच्या रंगामुळे हवे तेथे भाड्याने घर मिळत नव्हते. त्या अपमानाला त्यांनी सुरांतून उत्तर दिले.

येथवर सारे ठीक चालले होते. वय अवघे अठ्ठावीस, नाव सर्वतोमुखी. आणि १९५९ साली हा माणूस एकाएकी मंचावरून उतरला. कारण ऐकाल तर नवल वाटेल. लोक आपली जेवढी स्तुती करतात, तेवढे आपले वाजवणे नाही, असे त्यांच्या मनाने घेतले! घरी रियाज करावा तर शेजारीपाजारी त्रास. शेजारची एक बाई गरोदर होती. तेव्हा वाद्य उचलून ते जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊ लागले. वरून आगगाड्या, मोटारी धडधडत जात, खाली नदीतून बोटी. तेथे ऊन असो की थंडी, दिवसाचे पंधरा पंधरा तासही ते वाजवीत. बोटीचा भोंगा झाला की त्याला सॅक्सोफोनच्या खर्जातून उत्तर देत. असे दोन वर्षे चालले. १९६१ च्या अखेरीस ते मंचावर परतले आणि १९६२ साली आलेल्या तबकडीचे नावच त्यांनी ‘द ब्रिज’, म्हणजे पूल, असे ठेवले.

ते पुलावर होते त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये मोठी खळबळ माजली होती. टेक्सासहून आलेला ऑर्नेट कोलमन हा वादक पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सॅक्सोफोनवर काही तरी भलतेच वाजवतो, असा बोभाटा १९५९ च्या हिवाळ्यात झाला. जाझमध्ये गाण्याच्या चालीखाली स्वरसंघांची एक ठरलेली साखळी असते. तिच्या आधाराने वादक उपज करतो. कोलमन यांनी ती साखळीच सोडून दिली. सोबत्याने काय वाजवले ते ऐकायचे आणि त्यावरून आपली वाट काढायची. त्यांच्या १९६० सालच्या ध्वनिमुद्रणात आठ वादक मिळून सुमारे सदतीस मिनिटे असे वाजवतात. याला ‘फ्री जाझ’, मुक्त जाझ, हे नाव पडले. कोणी त्यांना युगप्रवर्तक म्हणाले, कोणी थोतांड म्हणाले. त्याच कोलमन यांना २००७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता रॉलिन्स यांचे मोठेपण पाहा. आपले आसन स्थिर असताना त्यांनी या नव्या वाटेला नाके मुरडली नाहीत. उलट कोलमन यांचेच दोन साथीदार, डॉन चेरी आणि बिली हिगिन्स, यांना १९६२ साली बरोबर घेऊन ते स्वतः त्या पाण्यात उतरले.

त्याच दशकाच्या अखेरीस पुन्हा एकदा सारे सोडून ते भारतात आले. पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहून त्यांनी योग आणि वेदान्त यांचा अभ्यास केला. ध्यानाला बसले की चित्त स्थिर राहीना. तेव्हा तुझे वाजवणे हेच तुझे ध्यान, असे आपल्याला तेथे समजले, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. १९७८ साली मुंबईत पहिली ‘जाझ यात्रा’ भरली, तेव्हा मुंबईकरांना त्यांचे वादन समोर बसून ऐकता आले.

आपल्याकडेही अशी माणसे होऊन गेली. उस्ताद अल्लादिया खाँ यांचा आवाज ऐन उमेदीत बसला. त्यांनी नशिबाला बोल लावला नाही; उरल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी रियाजाने उभी केली. कोल्हापूरच्या आश्रयाने महाराष्ट्रात ती फोफावली. पूल असो वा घरातली खोली, उपजेचे मूळ तेथे आहे, मंचावर नव्हे. ज्याला उपज म्हणजे मनाला येईल ते असे वाटते, त्याने ही दोन चरित्रे ताडून पाहावीत.

आणखी एक प्रसंग सांगतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा रॉलिन्स यांचे घर काही पावलांवर होते. सत्तरी उलटलेल्या त्या गृहस्थांना घर सोडावे लागले. हाती सॅक्सोफोन तेवढा घेतला. चारच दिवसांनी बोस्टनला कार्यक्रम ठरलेला होता. मन तयार नव्हते, पण पत्नीच्या आग्रहाने ते गेले आणि वाजवले. त्या दिवशी काय वाजवावे, हे कोणत्या वहीत लिहून ठेवलेले असणार?

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, म्हणूनच ही हकीकत मुख्यतः तुमच्यासाठी आहे. आज वरातीपुढे कर्ण्यांतून तयार गाणी वाजतात आणि खालूबाजाची पथके मागे पडतात. तयार गाणे चुकत नाही हे खरे. पण त्याला काही सुचतही नाही. मुलांकडून पाढे, कविता, ताल जरूर पाठ करून घ्या. पाठांतरावाचून पुढचे काहीच होत नाही. पण शनिवारच्या एखाद्या तासाला गावातल्या बुवांना, सनईवाल्याला शाळेत बोलवा. त्यांच्यापुढे मुलांना एक ओळ द्या आणि म्हणावे, आता पुढची तुम्ही रचा. पहिली दहा पोरे अडखळतील. अकराव्याला काय सुचेल, ते तुम्हांआम्हांला आज ठाऊक नाही.