चौकटीभोवतीचा गिलावा

घराचा इतिहास लिहिणारे लोक जोत्यापासून निघून आढ्यापर्यंत जातात. वाटेत गणेशपट्टीवरील कोरीवकामापाशी ते क्षणभर थबकतात. परंतु चौकट जेथे भिंतीस भेटते, त्या बोटभर सांध्याकडे कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. 2019 च्या ऑगस्टात सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर चढले. ते ओसरल्यावर आमच्या घराच्या खालच्या मजल्यावरील चौकटी फुगलेल्या आढळल्या व त्या बदलावयाचे ठरले. सुताराचे काम अर्ध्या दिवसाचे होते. गवंड्यास मात्र चार दिवस लागले. कारण सिमेंटचा गिलावा चौकटीच्या लाकडावर दोन बोटे चढविलेला होता, आणि चौकट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पत्त्या काँक्रीटमध्ये गाडलेल्या होत्या. चौकटीबरोबर हातभर गिलावा, विटांचे कोपरे आणि खिडकीखालची फरशीही गेली. लाकूड भिंतीच्या आधी जाणार, ही गोष्ट बांधणाऱ्यास ठाऊक नव्हती काय?

जुन्या लोकांस ती ठाऊक होती. सातारा व सांगली हे प्रांत आज वेगळे दिसतात. परंतु 1949 पर्यंत सांगलीकडील बराच मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. तो प्रथम ‘दक्षिण सातारा’ या नावाने निराळा निघाला, आणि 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. नदी एक, काळा दगड एक, आणि बांधण्याची रीतही पुष्कळशी एकच. वाईचे घाटाकाठचे वाडे, मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा, सांगलीच्या गावभागातील जुनी घरे यांची जात एक आहे: खाली घडीव दगडाचे जोते, वर वीट किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे, आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. ओढ्यानाल्यांतील चुनखडीचे खडे भट्टीत भाजावयाचे, चुना विरवावयाचा आणि वाळूसह बैलाच्या घाणीत मळावयाचा. असा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो, परंतु विटेहून मऊच राहतो. म्हणून तो छिन्नीने काढला असता वीट शाबूत सुटते. सिमेंटचे उलट आहे. ते काढावयास गेले की वीट आधी फुटते.

भिंतीची जाडीही येथे उपयोगी पडे. चांगल्या बांधकामात चौकट भिंतीच्या बाहेरील अंगास बसवीत, आणि तिच्या मागे, आतल्या बाजूस, वरचा भार पेलण्यास निराळ्या लाकडांची ओळ घालीत. भार चौकटीवर नसल्यामुळे ती काढली तरी वरची भिंत खाली येत नसे. फळ्यांना बिजागऱ्या नसत. वरखालच्या खोबणींत फिरणाऱ्या लाकडी खुंट्यांवर त्या उभ्या असत, म्हणून त्या उचलून बाजूस ठेविता येत.

यावरून जुने गवंडी मोठे दूरदर्शी होते असा गौरव करण्याची घाई मात्र आम्ही करणार नाही. चुना वापरला, कारण दुसरे काही नव्हते. शिवाय उंबऱ्याची व वरच्या आडव्या लाकडाची टोके चौकटीबाहेर काढून भिंतीत रोवण्याची चाल होती. ती चौकट काढणाऱ्याच्या सोयीची खचितच नव्हे. एक गोष्ट तथापि लक्षात घेण्याजोगी आहे. बारा बलुत्यांच्या नेहमीच्या यादीत सुतार असतो, गवंडी नसतो. सुतार त्याच गावात राहणार. आपण बसविलेले दार पुढे आपल्याला किंवा आपल्या मुलालाच दुरुस्त करावे लागणार, हे तो जाणून असे. गवंडी काम संपवून दुसऱ्या गावी जाई. आजच्या घराच्या सांध्यात गवंड्याचे राज्य आहे, सुताराचे नाही. आमच्या मते सगळ्या बिघाडाचे मूळ येथेच आहे.

इंग्रजांच्या देशात या सांध्याचा निर्णय कायद्याने झाला. 1666 च्या लंडनच्या आगीनंतर लाकडाची धास्ती बसली होती. 1709 च्या कायद्याने खिडक्यांच्या चौकटी भिंतीच्या दर्शनी पृष्ठभागापासून चार इंच आत घ्यावयास लाविल्या. त्यांचे भय आगीचे. आमचे वाळवीचे, पावसाचे आणि आता पुराचे.

सिमेंट निष्कारण आले असे नव्हे. पोरबंदरास 1914 साली कारखाना चालू झाल्यापासून ते देशात सुलभ होत गेले. पुढे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेस भूकंप झाला व मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या. त्यानंतर लोकांनी सिमेंटवर श्रद्धा ठेविली असल्यास त्यांस हसण्याचे कारण नाही. भिंतीला ते असो. प्रश्न फक्त चौकटीभोवतालच्या बोटभर जागेचा आहे.

तेथे गिलावा लाकडाला न भिडविता अर्धा बोट अलीकडे थांबवावा, फटीत मऊ भरण घालावे आणि वरून लाकडी पट्टी ठोकावी. पत्त्यांऐवजी स्क्रूने चौकट आवळावी. पुढे पट्टी उचकटली, स्क्रू सोडविले की चौकट निघाली. यावर महाबळेश्वराकडील मनुष्य हरकत घेईल, व ती रास्त आहे. जेथे वर्षास दोनशे इंचांवर पाऊस पडतो, तेथे अशी फट म्हणजे पाण्यास आमंत्रण. तिकडे बाहेरून फट पक्की बुजवून, चौकट आतून काढता येईल अशीच बसविली पाहिजे. एकच रीत वाईच्या वरच्या अंगास आणि हरिपुराच्या संगमाजवळ सारखी चालणार नाही, हे आमच्याकडील कंत्राटदारांस कोण सांगणार!

आमच्या घरी अजून तीन जुन्या चौकटी उभ्या आहेत. त्यांच्या भोवती फट ठेवावयास गवंडी प्रथम तयार होईना. काम अपुरे दिसेल व लोक आपल्याला हसतील, असे त्याचे म्हणणे पडले. शेवटी सुतारानेच आपल्या पट्ट्या आणून दाखविल्या, तेव्हा तो एका खिडकीपुरता कबूल झाला आहे.