आजीचं पितळी तपेलं

गेल्या रविवारी लोणावळा लोकलनं कामशेतला उतरलो आणि आजोळी गेलो. मामी माळा आवरत होती. जुन्या पाट्या, सुपं आणि एक जाड बुडाचं पितळी तपेलं. म्हटलं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये मस्त दिसेल! हल्ली आपल्याला पितळेचं फार प्रेम आलंय ना :-)

आजी ओट्यावरून म्हणाली, "ने, पर त्यात दूध तापवू नगंस. लेकराचं तर मुळीच न्हाई."

तेव्हा कळलं की आईच्या पाठचा भाऊ दीड वर्षाचा असताना 'लिव्हर होऊन' गेला. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि दोन महिन्यांत खेळ संपला. पुढे बऱ्याच वर्षांनी मामाचा मुलगा झाला तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, बाळाचं दूध पितळेत ठेवू नका. आजीनं त्याच दिवशी तपेलं माळ्यावर टाकलं. हे सांगून ती मला म्हणाली, "मंग म्याच पाजलं का रं त्याला?"

मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

या आजाराचं पुस्तकी नाव 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस'. सिऱ्होसिस म्हटलं की आपल्याला दारू आठवते, पण इथले रोगी सहा महिने ते चार-पाच वर्षांचे. १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी याचं वर्णन केलं होतं. यकृत दगडासारखं कडक व्हायचं, पोटात पाणी साठायचं, कावीळ व्हायची आणि त्यानंतर बहुतेक मुलं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायची. एकाच घरात दोन-दोन भावंडं जायची, म्हणून लोक म्हणायचे, घराण्यातच आहे. जवळजवळ शंभर वर्षं कारण सापडलं नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर बग प्रॉडक्शनमध्ये होता आणि लॉगमध्ये काहीच दिसत नव्हतं. पहिला धागा १९७८ मध्ये मिळाला. लंडनच्या पोर्टमन, टॅनर आणि सहकाऱ्यांनी अशा यकृताच्या तुकड्यांना ऑर्सिन नावाचा रंग दिला, तर पेशींमध्ये गडद तपकिरी कण दिसले. असे कण तांबं साठलं की दिसतात. १९७९ मध्ये प्रत्यक्ष तांबं मोजलं गेलं आणि त्या कामात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित सोबत होते. निरोगी यकृतात वाळलेल्या ऊतीच्या दर ग्रॅममागे तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांमध्ये ते कित्येक शेकड्यांत, काहींत हजारांच्या वर होतं.

पण तांबं आलं कुठून? यासाठी मोठं मशीन लागलं नाही. स्टुअर्ट टॅनर, डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि सहकाऱ्यांनी आयांना विचारलं: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवलं? कशात ठेवलं? आजारी आणि निरोगी मुलांची उत्तरं शेजारी ठेवली. आजारी मुलांना वरचं दूध लवकर, पहिल्या काही महिन्यांतच सुरू झालं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, तासन्‌तास ठेवलेलं असायचं. १९८३ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

यातली यंत्रणा अशी. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. कल्हई उडालेली असली, किंवा केलीच नसली, तर तांबं दुधात उतरतं आणि दुधातलं केसीन त्याला धरून ठेवतं. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांबं जास्त असतं आणि बाहेर टाकायची व्यवस्था अजून कच्ची असते. आईच्या दुधात मात्र तांबं अगदी थोडं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पितळेत दूध तर लाखो घरांत तापत होतं, सगळी मुलं आजारी पडली नाहीत. काही मुलांची प्रकृतीच तांब्याला जास्त हळवी असावी, असं मानलं जातं. मग आजार 'भारतीयांचा' का? तर तसंही नाही! १९९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या टायरॉल भागाचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्येच आला. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच आजारानं गेली होती. तिथेही गाईचं दूध बिनकल्हईच्या भांड्यांत तापवलं जायचं. भांडी बदलली आणि आजार संपला.

आपल्याकडेही तेच झालं. पेनिसिलामिन हे शरीरातलं तांबं बाहेर काढणारं औषध लवकर मिळालं तर काही मुलं वाचली, त्यातली काही पुढे चांगली मोठी झाली. पण जास्त जीव वाचवले ते भांडी बदलण्यानं. थोडं श्रेय डॉक्टरांच्या सल्ल्याचं, थोडं स्वस्त झालेल्या स्टीलचं. आज हा आजार जवळजवळ दिसेनासा झालाय, म्हणूनच आपल्यापैकी कुणी त्याचं नाव ऐकलेलं नसतं.

लगेच ऑफिसातली तांब्याची बाटली फेकू नका :-) मोठ्या माणसानं त्यात साधं पाणी पिणं ही वेगळी गोष्ट. पण लिंबू-सरबत, ताक त्यात नको आणि तान्ह्याचं दूध तर नकोच.

राहता राहिला आजीचा प्रश्न. परवा फोन केला. सांगितलं, तुझं बाळ तांब्यानंच गेलं की आणखी कशानं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि तांब्यानं गेलं असलं तरी तेव्हा जगातल्या एकाही डॉक्टरला ते माहीत नव्हतं. घरातलं सगळ्यात चांगलं भांडं तू त्याच्या दुधाला काढलं होतंस.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "तपेलं नेलंस न्हवं? त्यात तुळस लाव."

लावलीये. असो.