बिनरकान्याची माणसे

सरहद्दीवरच्या प्रांताचा इतिहास हाती आला, की मी लढायांची पाने मागे ठेवतो आणि आधी शिरगणती पाहतो. युरोपातील बुकोविनाचेच पाहा. कार्पेथियन पर्वताच्या कुशीतला हा मुलूख ऑस्ट्रियाने १७७५ साली मोल्डाव्हियापासून तोडून घेतला आणि १९१८ पर्यंत राखला.

१९१० च्या गणतीत येथे सुमारे आठ लाख माणसे भरली. रुथेनियन, म्हणजे आजचे युक्रेनियन, ३ लाख ५ हजार; रुमानियन २ लाख ७३ हजार; जर्मन १ लाख ६९ हजार; शिवाय पोल आणि हंगेरियन. बहुमत कोणाचेच नाही!

पण वाचकहो, या ‘जर्मनां’त लाखावर ज्यू होते. गणतीत नित्य व्यवहाराची भाषा विचारीत, आणि यिडिश भाषेला रकानाच नव्हता. घरी यिडिश बोलणारा ज्यू कागदावर जर्मन होऊन बसला. त्याच सुमारास पुढाऱ्यांनी समेटाने प्रांतिक विधिमंडळातील जागा जमातवार वाटून घेतल्या. ज्यूंना स्वतंत्र मतदारसंघ मात्र व्हिएन्नाने नाकारला.

पुढे रकान्यांना धार चढली. १९४० मध्ये खऱ्या जर्मनांना हिटलरच्या राज्यात नेण्यात आले. १९४१ पासून रुमानियाच्या राजवटीने ज्यूंना नीस्टर नदीपार हाकलले. तेथे हजारो जण उपासमारीने आणि तापाने मेले. कागदावरचे जर्मनपण कोणाच्या कामी आले नाही.

आज उत्तर बुकोविना युक्रेनमध्ये आहे, दक्षिण रुमानियात. दोन्हीकडे एकेका भाषेचे बहुमत आहे. हिशेब सोपा झाला खरा. त्याची किंमत मात्र बिनरकान्याच्या माणसांनी भरली.