रेडिओ, वारणा आणि चौथीचा वर्ग

जून २००९. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि मी चार दिवसांची रजा टाकून कोल्हापूरला घरी गेलो होतो. आईच्या ओळखीतल्या एका केंद्रप्रमुखांनी (दहाबारा शाळा मिळून एक केंद्र, त्याचे हे प्रमुख) गळ घातली, "मुलगा पुण्यात कॉम्प्युटरमध्येच आहे ना, आमच्या शिक्षकांना दोन तास इंटरनेट शिकवू दे की."

मी काय, तयारच. बत्तीस स्लाइड्स केल्या. ब्राउझर म्हणजे काय, सर्च इंजिन म्हणजे काय, इमेल कसा काढायचा. डेटाकार्ड लावलेला लॅपटॉप, उसना आणलेला प्रोजेक्टर, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला वर्ग. दोन तासांत पंचवीसएक शिक्षकांचे इमेल आयडी काढून झाले. मी खूश.

शेवटी पन्नाशीचे एक गुरुजी उठले. "सर, समजलं सगळं. इमेल पण काढला. आता एवढंच सांगा, उद्या सकाळी चौथीच्या वर्गात गेलो की यातलं काय करू?"

मी म्हटलं, "इतिहासाला पन्हाळा आहे ना? गुगलवर पन्हाळ्याचे फोटो दाखवा."

"पन्हाळा? पोरं चालत जाऊन आल्यात ओ!"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण परतीच्या एसटीत ते वाक्य काही डोक्यातून जाईना. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे असा काही प्रश्न असू शकतो हेच मला सुचलं नव्हतं.

खरं तर सुचायला हवं होतं, कारण उदाहरण घरातच होतं. आई प्राथमिक शिक्षिका. सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली तेव्हा पन्नाशीला आलेली. एमएस-सीआयटी नाही केलं तर वेतनवाढ रोखणार, दिलेली वसूल करणार, अशी टांगती तलवार. तिने वहीत शॉर्टकट लिहून काढले आणि मी शाळेत असताना पाढे पाठ करायचो तसे पाठ केले. चांगल्या मार्कांनी पास झाली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तिने वर्गात एकदाही कॉम्प्युटर वापरला नाही. शाळेतला एकुलता एक पीसी मुख्याध्यापकांच्या खोलीत, प्लास्टिकच्या कव्हरखाली. आत जायचं तर चपला बाहेर काढून, देवघरात जातात तसं. आम्ही तिला बटणं शिकवली, तिने बटणांची परीक्षा दिली, हिशेब चुकता. यात तिची काय चूक?

असो. या विषयावर मी बऱ्याच वर्षांनी थोडं वाचन केलं (आयटीवाल्याचा वीकेंड, दुसरं काय), तेव्हा एक गंमत सापडली. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूर जिल्ह्यात १९५६ सालीच शोधून झालं होतं. फक्त यंत्र वेगळं होतं, रेडिओ.

त्या वर्षी आकाशवाणी आणि युनेस्कोने मिळून तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि आपलं कोल्हापूर. सुमारे दीडशे गावं. कल्पना कॅनडाची, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे रेडिओ गट चालत होते. इथे प्रत्येक गावात पंधरावीस जणांचा गट, त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. लिहितावाचता आणि गावात वजन असलेला माणूस म्हणून हे निमंत्रकाचं काम पुष्कळदा शाळामास्तरांच्या गळ्यात पडे. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा आणि मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं. आपल्या शिवारात हे चालेल का? खत कुठून आणायचं? पैसे कोण देणार? गटाला पडलेले प्रश्न निमंत्रक लिहून आकाशवाणीला पाठवी आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळत. दहा आठवडे, वीस कार्यक्रम.

याचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि ते केलं पॉल नॉयराट या समाजशास्त्रज्ञाने. मूळचा व्हिएन्नाचा, डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेला गेलेला हा माणूस आपल्याकडच्या खेड्यांत शेणखत आणि उंदरांवर लोकांना काय माहिती आहे ते मोजत होता, ही कल्पनाच मला भारी वाटते. पण त्याने तुलना फार हुशारीने मांडली. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये याला कंट्रोल ग्रुप म्हणतो आणि डेडलाइन आली की विसरतो. त्याने तीन प्रकारची गावं घेतली: रेडिओ आणि गट दोन्ही असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओच नसलेली. आधी आणि नंतर लोकांच्या मुलाखती. गट असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदी किरकोळ.

परत वाचा. रेडिओ तोच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या अर्ध्या तासाने आणि तो अर्धा तास चालवणाऱ्या मास्तरने.

आता चाळीस वर्षं पुढे या. १९९८ साली वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. पंतप्रधान कार्यालयाचा पाठिंबा, एनआयसीची यंत्रणा, राज्य सरकार, आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभी केलेली वारणेची सहकारी चळवळ. वारणाकाठची ७० गावं जोडायची. उसाचा हिशेब तर मिळेलच, शिवाय बाजारभाव, आरोग्याची माहिती, आणि प्राथमिक शाळेपासून कॉलेजपर्यंत दूरशिक्षण. आम्ही तेव्हा इंजिनिअरिंगची स्वप्नं बघणारी पोरं; आपल्या जिल्ह्याचं नाव दिल्लीत घेतात म्हणून कॉलर ताठ!

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे लोक तिथे आले. त्यांना दिसलं की गावोगावचे कॉम्प्युटर चालू आहेत, पण वापर जवळपास एकाच कामाला: ऊस किती गेला, वजन किती भरलं, खत किती उचललं. मग त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. पीसी काढला आणि तेच काम एसएमएसवर आणलं. सगळं तसंच झालं, स्वस्तात झालं, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. त्या टीममधल्या केंतारो तोयामाने पुढे २०१५ साली 'गीक हेरसी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की तंत्रज्ञान हे लाउडस्पीकरसारखं असतं. माणसांचा जो इरादा आणि जी कुवत आधीपासून आहे तीच ते मोठी करतं.

मला हे वारणेचं अपयश वाटत नाही बरं का. उसाचा हिशेब चोख ठेवणं हा कारखान्याचा आणि शेतकऱ्याचा खरा इरादा होता आणि तो मोठा झाला. दूरशिक्षण हा कागदावरचा इरादा होता, त्याला निमंत्रकच नव्हता. शाळांतही तेच. तिथे माहिती भरणं हा इरादा आधीपासून मजबूत, त्यामुळे इंटरनेट आलं तशी माहिती भरायची कामं वाढली. पटसंख्या, पोषण आहार, सरल, यू-डायस. आईच्या मैत्रिणी म्हणतात, "नेट आलं आणि आम्ही कारकून झालो." यात थोडा कांगावा धरला तरी बरंचसं खरं आहे.

एक कबुली द्यायला हवी. २००९ मध्ये मी सुगाता मित्रांचा भक्त होतो. १९९९ साली दिल्लीत कालकाजीच्या भिंतीत त्यांनी कॉम्प्युटर बसवला, नंतर शेजारच्या सिंधुदुर्गातही बसवले, आणि मुलं आपापली शिकली. आम्हा इंजिनिअर लोकांना हे फार आवडलं, कारण यात मास्तर लागतच नव्हता. पण पुढे काय झालं? मित्रांनीच २००९ मध्ये स्काइपवरून मुलांशी गप्पा मारायला ब्रिटनमधल्या निवृत्त शिक्षिका आणि आज्या गोळा केल्या. २०१३ च्या टेड पारितोषिकातून ज्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्यांतली एक आपल्या फलटणची. तिथेही सुरुवात मोठ्या प्रश्नानेच. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेला प्रश्न विचारणारा माणूस मागच्या दाराने परत आत आला.

मग शिक्षकांना शिकवायचं तरी काय? २००० च्या सुमारास भारतात आलेल्या 'इंटेल टीच' च्या अभ्यासक्रमात एक गोष्ट फार चांगली होती: सुरुवात पाठाच्या आराखड्यापासून आणि त्यातल्या प्रश्नापासून, सॉफ्टवेअर नंतर. माझ्या बत्तीस स्लाइड्सच्या अगदी उलट. आणि कुठे शिकवायचं, याचं उत्तर तर कोल्हापूरच्या मातीतलंच आहे. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. जवळजवळच्या शाळांचा समूह करावा, शिक्षकांनी एकत्र बसून आपल्या अडचणी सोडवाव्यात, ही शिफारस त्या आयोगाची. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद भरते ना, ती याच कुळातली. हा मला १९५६ चा रेडिओ गटच वाटतो, फक्त शेतकऱ्यांच्या जागी शिक्षक.

या परिषदेत मला दुसऱ्यांदा संधी मिळाली, पहिल्या फजितीनंतर नऊ वर्षांनी. तोपर्यंत प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन. यावेळी स्लाइड्स नेल्या नाहीत. विचारलं, तुमच्या गावात बसून उत्तर देता येत नाही असा प्रश्न मुलांनी शेवटचा कधी विचारला? बराच वेळ शांतता. मग नदीपलीकडच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "आमची मुलं विचारतात, इथं पाऊस नाही तरी नदीला पाणी कसं चढतंय?"

त्यावर तासभर बोलणं झालं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते हे पुस्तकात आहेच. गगनबावड्याला काल किती पाऊस पडला आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले हे फोनवर मिळतं. राजाराम बंधाऱ्याची पातळी मिळते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ. तीन आकडे, रोज फळ्यावर, पावसाळाभर. फोन बाईंचा, आणि तोही दिवसाला पाच मिनिटं. बाकी सगळं फळ्यावर आणि तोंडाने. (२००९ मध्ये हे जमलं नसतं हेही खरं. तेव्हा बऱ्याच मराठी साइट्स युनिकोडऐवजी स्वतःचे फॉन्ट वापरायच्या, सर्चला काही सापडायचंच नाही.)

जुलैत बाईंचा फोन आला. वर्गातला एक मुलगा भांडत होता म्हणे. "बाई, तुमचा मोबाईल खोटा बोलतोय. माझा बाप आत्ता बंधाऱ्यावरनं माघारी आलाय, पाणी आलंय, रस्ता बंद हाय. आणि हितं अजून कमीच लिवलंय."

मी लगेच माझा लॅपटॉप उघडायला लागलो. बाई म्हणाल्या, "राहू दे ओ, कळलं आम्हाला. तो आकडा सकाळी सातचा होता आणि याचा बाप साडेनऊला गेलेला. आता आम्ही फळ्यावर आकड्यापुढं वेळ पण लिहितो. फोन याच्यासाठी केला, की हे पाणी तासाला किती चढतं ते काढायला पोरं मागं लागल्यात, आणि चौथीला अजून तेवढा भागाकार झालेला नाही. कसं समजावू?"